ढोके मॅडमचा घरजावई

ढोके मॅडम चिडल्या की उभ्या राहायच्या. बसून चिडणं त्यांना जमायचंच नाही. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे खेळाचे बूट, हातात खडू, आणि समोर माना खाली घातलेले आम्ही. मग यवतमाळच्या दत्त चौकामागच्या आमच्या ऑफिसच्या दोन खोल्यांत फक्त त्यांचाच आवाज असायचा. मॅडम जाऊन वर्ष होऊन गेलं, तरी ऑफिसात कोणी पाणी प्यायला म्हणून उठलं की मी अजून दचकते.

मॅडम आधी इथल्याच एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवत. शिकवून तयार केलेली पोरं शेवटचं वर्ष संपलं की पुण्याची गाडी धरतात, हे पाहून पाहून त्या वैतागल्या. 'आपण काय पुण्याले माणसं पुरवाचा ठेका घेतला का,' असं म्हणत त्यांनी नोकरी सोडली आणि वेबसाइटी बनवायचं हे ऑफिस काढलं. घरच्यांनी कपाळाला हात लावला. मॅडमनी एक जुना फळा विकत आणला आणि भिंतीला ठोकला. पांढरा चकचकीत बोर्ड त्यांना चालायचा नाही. खडूनं लिहिताना हात हळू चालतो, त्यामुळं डोकं त्याच्या पुढं राहतं, असं त्यांचं म्हणणं. खरं कारण असं की त्यांचं खडूचं अक्षर फार सुंदर होतं आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

संगणकानं एखादी चूक दाखवली की त्या ती मोठ्यानं वाचून दाखवायच्या, शेजारीण तक्रार घेऊन दारात आल्यासारखी. "ऐका, ऐका, हे काय म्हणून राह्यलं ते." मग त्या तक्रारीचं एकेक वाक्य घेऊन त्यात किती तथ्य आहे हे तपासलं जायचं. चूक सापडली की त्या संगणकाला म्हणायच्या, "बरं बाप्पा, तुहं खरं." माणसांच्या बाबतीत मात्र हे मान्य करणं त्यांना जड जायचं.

मी त्यांच्याकडं गेले तेव्हा पुण्यातली बरी नोकरी सोडून आले होते. तिथं माझं काही वाईट चाललं नव्हतं. पण मला माझ्या गावात राहायचं होतं. आईच्या हातचं खायचं होतं, उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचं होतं, आणि दिवसभर माझ्या आवडीचं कामही करायचं होतं. हे कोणाला सांगितलं की तो मला एकतर आळशी समजायचा, नाहीतर पुण्यात काहीतरी भानगड झाली असेल असं धरून चालायचा. मॅडमनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी सरळ एक वेबसाइट उघडून माझ्यापुढं ठेवली.

बोरी अरबजवळ एका ट्रस्टचा दवाखाना आहे, त्याची ती वेबसाइट. कोड न येणाऱ्या माणसालाही मजकूर लिहून टाकता यावा, अशा तयार प्रणालीवर ती उभी होती. आमच्या धंद्यात तिला सीएमएस म्हणतात. दवाखान्याच्या वंदना सिस्टर तीत कितीतरी वर्षं सूचना लिहीत होत्या. आता ट्रस्टला हवी होती रुग्णांनी घरूनच नंबर लावायची सोय. ती अशा तयार मालात मिळत नव्हती. त्यासाठी वेगळं ॲप हातानं लिहायचं आणि या जुन्या वेबसाइटला जोडायचं, असं काम होतं. मी ते सगळं खालवर पाहिलं आणि पुण्याच्या रुबाबात सांगितलं की हे जुनं सगळं काढून टाकू, मी पूर्ण नवीन लिहून देते.

मॅडम उभ्या राहिल्या.

"घर पाडाले नाई बलावलं तुले, पोट्टी. घरजावई पाह्यला का कधी?"

पाहिला होता. माझा धाकटा मामाच घरजावई होता.

"मंग आपलं ॲप म्हणजे घरजावई. राहाचं त्याईच्या घरात, वागाचं त्याईच्या रीतीनं, आपली कमाई आपल्या पेटीत. अन सासूच्या चुलीले हात लावाचा नाई."

ही आमच्या ऑफिसची राज्यघटना होती. पाहणाऱ्याला ॲप वेगळं वाटता कामा नये. वरचं नाव, रंग, अक्षरं सगळी त्या वेबसाइटची. सिस्टरांना दुसरा पासवर्ड द्यायचा नाही, त्यांच्या जुन्याच पासवर्डावर आत जाता आलं पाहिजे. नंबरांच्या नोंदी मात्र ॲपच्या आपल्या वेगळ्या कप्प्यात राहतील. आणि त्या तयार प्रणालीच्या पोटात शिरून एक ओळही बदलायची नाही, कारण उद्या तिची नवी आवृत्ती आली की आपली सगळी कारागिरी पुसली जाते. पुढं मी मोठ्या मोठ्या लोकांची यावरची भाषणं ऐकली. माझ्या मामाच्या संसारात बसेल एवढंच सगळेजण सांगत होते.

मॅडमशी वाद घालण्याची एक रीत होती. पहिल्या दिवशी हरायचं आणि गप्प बसायचं. नंबर लावायला रुग्णानं आधी खातं उघडावं, असा त्यांचा आग्रह होता. मी म्हटलं, खातं वगैरे कोण उघडतंय, नुसता फोन नंबर पुरे. त्यांनी मला उभं राहून झाडलं. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्या फळ्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "कायले पाह्यजे खातं? फोन नंबर पुरते. हे तुमच्या डोक्यात काहून येत नाई?" आम्ही एकमेकांकडं पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. अशा रीतीनं ऑफिसातल्या बऱ्याच चांगल्या कल्पना मॅडमच्या नावावर जमा आहेत, आणि त्याचं कोणालाच वाईट वाटलं नाही. नवी पोरं आली की आम्ही त्यांना ही रीत आधी शिकवायचो.

आता ती चूक. ती सांगितल्याशिवाय मॅडम कळायच्या नाहीत.

त्या वेबसाइटच्या डोक्यावर एक लाल पट्टी होती. तिच्यावर पिवळी अक्षरं उजवीकडून डावीकडं पळत राहायची. मॅडमना ती डोळ्यांसमोर नको असायची. एसटी स्टँडवर उभं राहिल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणत. ॲप जोडून झालं त्या दिवशी, आता घर नवं दिसू दे, असं म्हणून त्यांनी ती दिसायची बंद करून टाकली. पट्टी आम्हालाही आवडत नव्हतीच, त्यामुळं कोणी अडवलं नाही. त्याआधी मॅडम स्वतः दवाखान्यात दिवसभर बसून आल्या होत्या. कोण काय विचारतं, सिस्टर कशा नोंदी करतात, डॉक्टरांचं वेळापत्रक वेबसाइटवर कुठून भरतात, सगळं त्यांनी पाहिलं होतं. ॲप त्या वेळापत्रकावरून नंबर देत होतं. काही आठवडे चांगले गेले. दवाखान्यातली सकाळची रेटारेटी कमी झाली म्हणून ट्रस्टच्या सचिवांचा फोनही आला. मॅडमनी तो आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असा घेतला.

गुरुवारी तिथं फक्त डोळ्यांचे डॉक्टर यायचे. मग एका गुरुवारी त्यांना यायला जमलं नाही. वंदना सिस्टरांनी नेहमीचं केलं. मोबाइलवरून वेबसाइटची मागची बाजू उघडली आणि पट्टीच्या चौकटीत लिहिलं की आज डोळ्यांचे डॉक्टर येणार नाहीत. चौकट तिथंच होती, मॅडमनी फक्त पुढचं दिसणं बंद केलं होतं. मजकूर जतन झाला असं उत्तर सिस्टरांना आलं. तो कोणाच्याही डोळ्यांना दिसला नाही, आणि आमचं ॲप आनंदानं नंबर देत राहिलं.

वेळापत्रक तिथं महिन्यातून एकदा भरायचं आणि मग त्याला कोणी हात लावायचा नाही, कारण त्याची छापील प्रत गावोगाव चिकटवलेली असे. ऐन वेळचा बदल फक्त पट्टीवर यायचा. आणि ती पट्टी रुग्णांपेक्षा काळीपिवळी जीपा चालवणारे वाचायचे. जीप भरायच्या आधी फोनवर वेबसाइट उघडायची, पट्टी काय म्हणते ते मोठ्यानं वाचायचं, मग सीट घ्यायच्या. पट्टीवर तसं काही नसलं म्हणजे डॉक्टर आहेत, हे त्या सगळ्या रस्त्याला पाठ होतं. आम्ही पट्टी काढली आणि डॉक्टर कायमचे हजर झाले.

सिस्टरांचा फोन आला तेव्हा मॅडम चहा पीत होत्या. कप तसाच ठेवून त्या उठल्या, आणि आम्ही दोघी मिळेल त्या जीपनं निघालो. दवाखान्याचा व्हरांडा भरला होता. पहाटे घर सोडून आलेली म्हातारी माणसं, त्यांना हाताला धरून आणलेल्या सुना, आजचा रोज बुडवून आलेले मुलगे. सिस्टर एकेकाला समजावत होत्या आणि त्यांच्यावरच लोक तोंड टाकत होते. मॅडम मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. उभ्या असून चिडलेल्या नाहीत, असं मी पहिल्यांदाच पाहत होते. सिस्टरांना त्यांनी आत जायला सांगितलं आणि एकेका बाकड्यापाशी जाऊन सांगत राहिल्या की चूक दवाखान्याची नाही, सिस्टरची नाही, माझी आहे. काही लोक ऐकून घेत होते, काही उठून जात होते. एकानं त्यांना पुष्कळ सुनावलं. त्यांनी त्याला मधे तोडलं नाही.

शेवटच्या बाकड्यावर बंजारा तांड्यावरची एक म्हातारी होती. मोतीबिंदूनं दोन्ही बुबुळं दुधासारखी झालेली. तिनं मॅडमचं सगळं ऐकलं आणि आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"मले दिसत नाई म्हून आली मी इथं, बाई. तुले बी दिसलं नाई का?"

तांड्यावर आईला याडी म्हणतात. मॅडम म्हणाल्या, "नाई दिसलं, याडी."

शेवटचा माणूस परतीच्या जीपमधे बसेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. ऑफिसात येऊन त्यांनी फळ्यावर 'चूल' एवढा एक शब्द लिहिला आणि घरी गेल्या. सासूच्या चुलीला हात लावायचा नाही, हे आम्हाला शिकवणाऱ्या बाईनंच तो लावला होता. तो शब्द कितीतरी दिवस कोणी पुसला नाही.

ट्रस्टच्या सचिवांनी आम्हाला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, त्यांनाही वर उत्तरं द्यायची होती. त्यांनी शांतपणे सांगितलं की हे काम आता बाहेरगावच्या मोठ्या कंपनीला द्यायचं ठरतंय. वेबसाइटही तेच बघतील, नंबरही तेच देतील. आमचं ऑफिस त्या एका कामावर उभं होतं. ते गेलं की ऑफिसला कुलूप, आणि मला पुन्हा पुणं. आईला काय सांगायचं याची वाक्यं मी तिथं बसल्या बसल्या मनात जुळवायला लागले होते.

मॅडमनी कोणतीही सबब सांगितली नाही. चूक कशी झाली ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाल्या, "माहं नाव काढा, साहेब. काम नका काढू. पट्टी मी काढली, ते ॲप या पोट्टीनं लिहिलं हाये. जिम्मेदारी तिच्या नावानं करा. मी तिच्या हाताखाली राहीन."

सचिवांनी माझ्याकडं पाहून विचारलं की तुम्ही घेता का जबाबदारी. तेवढ्यात टेबलाखाली मॅडमचा खेळाचा बूट माझ्या पायावर पडला आणि तिथंच राहिला. मी हो म्हटलं. त्या होकारात माझी हिंमत किती आणि बुटाचा दाब किती, हे मला अजून सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडले. ऑफिस तुमचं, नाव तुमचं, आणि असं परस्पर देऊन टाकता, असं काहीबाही बोलले. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, "नावाचं काय लोणचं घालाचं हाये? तू इथं राह्य. तू राह्यली तं आणखी एखादी येईन." माझ्याकडं इतकं साधं आणि इतकं मोठं कोणी काही मागितलं नव्हतं. मी रस्त्यातच रडले. मॅडमनी मला रडू दिलं आणि स्वतः पानठेल्यावर जाऊन बडीशेप घेऊन आल्या.

मग आम्ही कामाला लागलो. पट्टी पहिल्यासारखी वर आली, तोच लाल, तेच पिवळं. ती मॅडमनी स्वतःच्या हातानं परत लावली. सिस्टरांनी आधीच बजावलं होतं की मला नवीन काही शिकवू नका, मी माझ्या चौकटीतच लिहीन. म्हणून त्यांच्या त्याच चौकटीखाली आम्ही फक्त डॉक्टरांची नावं आणि त्यांच्यासमोर खूण करायची जागा दिली. सिस्टरांनी मजकूर लिहायचा, नावापुढं खूण करायची, बस्स. मजकूर पट्टीवर धावू लागायचा, आमच्या ॲपला निरोप जायचा, त्या डॉक्टरांचे नंबर थांबायचे आणि ज्यांनी आधी नंबर लावला असेल त्यांच्या फोनवर पुढच्या गुरुवारचा नंबर जायचा. जीपवाल्यांनाही हा निरोप जावा, ही मॅडमची कल्पना. त्यासाठी त्या बोरीच्या जीप स्टँडवर जाऊन बसल्या, चहा पीत पीत प्रत्येक ड्रायव्हरचा फोन नंबर घेऊन आल्या.

हाताखाली राहीन म्हणाल्या ते त्यांनी शब्दशः पाळलं. निरोप पोचवणारा भाग त्यांनी लिहिला. मी तो तपासला. त्यात खोट होती: फोन बंद असला तर निरोप पुन्हा जात नव्हता. मी भीत भीत शेरे लिहून परत पाठवला. मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी उभ्यानं सगळे शेरे वाचले, आणि खाली बसून म्हणाल्या, "बरोबर हाये." हे दोन शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला तंत्रनिकेतनातल्या पोरांनी अख्खी तीन वर्षं वाट पाहिली होती. मला ते फुकट मिळाले, आणि मी त्या दिवशी घरी जाऊन आईला ते पुन्हा पुन्हा सांगितले.

खोट्या नावांनी आम्ही सगळं करून पाहिलं. पण खरी परीक्षा व्हायला डॉक्टर खरंच गैरहजर हवे होते, आणि डॉक्टर आता एकही गुरुवार चुकवेनात. मॅडम दर गुरुवारी सकाळी सिस्टरांना फोन करून डॉक्टरांच्या तब्येतीची चौकशी करायच्या. ठणठणीत आहेत असं कळलं की "बरं" म्हणून फोन ठेवायच्या, आणि त्या 'बरं'मधे जराही आनंद नसायचा.

त्यानंतर काही महिन्यांतच मॅडमचं स्वतःचं दुखणं निघालं. नागपूरच्या फेऱ्या झाल्या, ऑफिसला येणं कमी झालं, मग थांबलं. मी भेटायला जायचे. पांघरुणाखाली त्या फार लहान दिसायच्या आणि पडल्या पडल्या नव्या कामाचे प्रश्न विचारायच्या. ऑफिस चालू आहे. पुण्याहून दोन मुली परत आल्या आहेत, एक दारव्ह्याची, एक पांढरकवड्याची. आज मी माझ्या गावात राहून माझ्या आवडीचं काम करते, आईच्या हातचं जेवते, आणि हे मला ज्या बाईनं दिलं तिचे आभार मानायला मी कधी धजले नाही. मानले असते तर त्या उभ्या राहिल्या असत्या, अशी माझी समजूत. ते आजारपण सगळं मी पाहिलं, पण मॅडम म्हटलं की ते माझ्या डोळ्यांपुढं येत नाही. येते ती त्या दुखण्याच्या आधीची, हिवाळ्यातली एक गुरुवारची सकाळ.

डॉक्टर तापानं आडवे झाले होते. सिस्टरांनी चौकटीत लिहिलं, खूण केली. आमच्या पडद्यावर नंबर थांबलेले दिसले, निरोप गेलेले दिसले. आम्ही सगळे खूश. मॅडम मात्र पर्स उचलून दारात उभ्या. "गेला म्हणजे पोचला असं नसते, पोट्टी. चाल, पाहून येऊ."

बोरीला उतरून आम्ही दवाखान्यात गेलो. व्हरांडा झाडलेला होता. बाकडी रिकामी. चौकीदार उन्हात बसून दाताला मिश्री लावत होता. मॅडम व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या आणि एका बाकड्यावर पाय पसरून बसल्या. मी उभीच होते. मला वाटत होतं, अजून वेळ आहे, लांबच्या गावांच्या जीपा यायच्या आहेत.

तेवढ्यात आलीच एक. माणसांनी भरलेली काळीपिवळी, टपावर कापसाचं गाठोडं. दवाखान्याच्या फाटकाशी ती मंदावली. मी मॅडमकडं पाहिलं, त्यांनी बाकड्याची कड घट्ट धरली होती. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून आमच्याकडं पाहिलं, हात हलवून आज डॉक्टर नाहीत अशी खूण केली, आणि जीप तशीच दारव्ह्याच्या बाजूला निघून गेली. कोणी उतरलं नाही.

मॅडमनी कड सोडली. रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत त्या तिकडं बघत होत्या, आणि इतकं तृप्त तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

"कोनीच नाई आलं," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्या दवाखान्यात उगाच आलेल्या आम्ही दोघीच होतो.